जुन्याला हात न लावता

निकासियो यान्सोननं आयुष्यात काही टाकून दिलेलं पोसो अमार्गोत कुणी पाहिलं नव्हतं. गाव त्याला फ्लाको म्हणायचं, म्हणजे काडीपैलवान, आणि गावातला प्रत्येक बिघडलेला कॉम्प्युटर नि फोन शेवटी त्याच्याच टेबलावर येऊन पडायचा. दुकानाच्या दारावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : ‘इथे काहीही हरवत नाही.’ ही जाहिरात नव्हती, हा त्या माणसाचा स्वभावच होता. कुणी भरलेला फोन रिकामा करायला आणला की तो आधी त्यातलं सगळं आपल्याकडे उतरवून घ्यायचा आणि मगच पुसायचा. त्यामुळे गावातली लग्नं, बारशी, मोडलेली प्रेमं, दोन्या इफिहेनियाच्या, म्हणजे इफिहेनियाबाईंच्या, मेलेल्या मांजराचे असंख्य फोटो, हे सगळं त्याच्या मागच्या खोलीत सुखरूप होतं. घरी तीन इस्त्र्या होत्या. त्यांतली एक तापायची.

“माझ्या नवऱ्याला कांदा चिरायला सांगू नका,” त्याची बायको नोएमी म्हणायची, “आधी साली ठेवायला डबा शोधत बसेल.”

नोएमीचा स्वभाव बरोबर उलटा. नको ते ती फेकायची आणि पटत नाही ते तोंडावर बोलायची. तिच्या वडिलांनी लावलेला द्राक्षांचा मळा पाटाच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला होता. पोसो अमार्गोत पाऊस ही ऐकीव गोष्ट आहे. डोंगरावरचं बर्फ वितळतं, ते पाणी पाटानं खाली येतं आणि ज्याच्या त्याच्या पाळीला ज्याच्या त्याच्या चारीत शिरतं. ज्याची जमीन जेवढी तेवढी त्याची पाळी, असा नियम. नियम उत्तमच होता, पण तो मेलीतोनच्या हातात होता.

मेलीतोन पाटाच्या कचेरीतला कारकून. माणूस वाईट नव्हता. भरलेल्या ताटाला नाही म्हणणं त्याला जमायचं नाही, एवढंच. दोन्या इफिहेनियाच्या हातच्या एम्पानादा, आत रस्सेदार खिमा, वरून खरपूस, एकदा त्याच्या टेबलावर आल्या की तिच्या पाळीला चार मिनिटं चिकटायची. पाटाच्या तोंडाशी मळा असलेल्या बाल्दोमेरोनं एकदा सबंध बोकड भाजून नेला होता, त्याला किती चिकटली ते त्याचं त्यालाच माहीत. आता मिनिटं काही आकाशातून पडत नाहीत. ती टेलकडून यायची. पुढे प्रांताच्या पाणीखात्यानं पाटाच्या दारांना मोटारी बसवल्या आणि कचेरीत कॉम्प्युटर आणून ठेवला, तेव्हा मेलीतोननं आपली सगळी व्यवस्था इमानेइतबारे त्यात टाइप करून ठेवली. मग मेलीतोन वारला. एम्पानादा कधीच पचल्या होत्या, मिनिटं तेवढी राहिली.

नोएमी दर वर्षी पाटाच्या सभेत उभी राहायची. टेलला पाणी पोचेपर्यंत चारी ओली व्हायला अर्धी पाळी जाते, हे सांगायची. माझ्या मांडवावरच्या वेली बघा आणि बाल्दोमेरोच्या बघा, म्हणायची. लोक कंटाळून बाहेर सिगारेट ओढायला जायचे. तिला ‘टेलची वकीलीण’ असं नाव पडलं होतं, आणि ते कौतुकानं पडलेलं नव्हतं.

आणि त्या वर्षी खात्यानं नवीन सॉफ्टवेअर पाठवलं. दारं चालवणारा नवा प्रोग्राम, आणि त्याच्यासोबत नव्या पाळ्या : जमीन मोजून, चारीची लांबी धरून, कुणाचं तोंड न बघता काढलेल्या. नोएमीला ती बातमी कळली त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात एकटीनंच गिरकी घेतली.

सभेत अर्थातच रणकंदन झालं. हेडकडच्यांना, म्हणजे पाटाच्या तोंडाशी असलेल्यांना, नवीन नको होतं, टेलकडच्यांना जुनं नको होतं. पाटाचा अध्यक्ष दॉन एवारिस्तो दर वेळी निवडून यायचा तो कुणालाच न दुखावण्याच्या जोरावर. त्यानं चष्मा चढवला आणि ठराव वाचला : नवीन प्रणाली तातडीने बसवावी, मात्र अस्तित्वात असलेल्या कशालाही हात लावू नये. टाळ्यांचा कडकडाट झाला. ठरावाच्या पहिल्या अर्ध्याला नोएमीनं टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या अर्ध्याला बाल्दोमेरोनं. बसवण्याचं काम फ्लाकोवर आलं. दुसरं होतं कोण?

बसवण्याच्या दिवशी कचेरीच्या अंगणात निखारे फुलले होते, जाळीवर मांस चढलं होतं, आणि अर्धं गाव काही ना काही कामाचं निमित्त काढून हजर होतं. निकासियोनं खात्याचा पेनड्राइव्ह लावला. प्रोग्राम सुरळीत बसत गेला आणि एका जागी थांबला.

“काय म्हणतंय?” मागून दॉन एवारिस्तोनं विचारलं. त्याच्या हातात मांस उलटायचा काटा होता.

“विचारतंय. पाळ्यांची फाइल इथे आधीपासून आहे आणि ती कुणीतरी हातानं बदललेली आहे. तीच ठेवू की तिच्यावर नवीन घालू?”

“आधीपासून आहे ना? मग ठरावात काय लिहिलंय?”

“ते आहे हो. पण दॉन एवारिस्तो, पाळ्याच जर जुन्या राहिल्या तर नवीन बसवून...”

“फ्लाको, ठराव मी लिहिलाय. तू मला ठराव शिकवू नकोस. तिकडे मांस करपतंय.”

काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं की कॉम्प्युटर जुनी फाइल ठेवतो आणि नवी शेजारी बाजूला ठेवून देतो, नावाला ‘नवीन’ असं शेपूट लावून. ज्यानं हा प्रोग्राम लिहिला तो निकासियोच्याच जातकुळीतला असणार. हा प्रश्न त्याला उभ्या आयुष्यात शेकडो वेळा विचारला गेला होता आणि शेकडो वेळा त्यानं डोळे मिटून एंटर दाबलं होतं. या वेळी डोळे उघडे होते. नोएमीच्या वेली त्याला लख्ख दिसल्या. तरी बोट सवयीनं गेलंच. दुसऱ्याच्या फाइलीवर आपली फाइल घालायची म्हणजे त्याला पाहुण्याच्या ताटातलं उचलून खाण्यासारखं वाटायचं.

बसलं, असं कॉम्प्युटरनं जाहीर केलं. खोटं नव्हतं. नवा प्रोग्राम, नवी खिडकी, नवा निळा रंग, सगळं बसलं होतं. पाळ्या तेवढ्या मेलीतोनच्या होत्या.

घरी जाऊन नोएमीला सगळं सांगायचं, असं त्यानं वाटेत पक्कं केलं. नोएमी दारातच उभी होती.

“बसवलंस?”

“बसवलं.”

“नीट?”

“नीट.”

तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले, गालाचा मुका घेतला आणि जपून ठेवलेली वाइनची बाटली उघडली. त्यानंतर काही सांगणं त्याच्या जिवावर आलं. भित्रा माणूस खोटं बोलत नाही. तो खरं बोलतो आणि मध्येच थांबतो.

आठवडा फिरला. नोएमीची पाळी आली. ती बूट चढवून, फावडं घेऊन बांधावर जाऊन उभी राहिली. दार उघडलं, पाणी आलं, आणि नेहमीच्याच जागी, तिसऱ्या मांडवाच्या तोंडाशी, त्याची धार करंगळीएवढी होऊन थांबली. पुढचे मांडव कोरडे ते कोरडेच. ती बराच वेळ तिथंच उभी होती. घरी आली तेव्हा तिनं बूट धुतले, जागेवर ठेवले, आणि एक शब्द बोलली नाही.

बोलायचं काम बाल्दोमेरोनं केलं. बेकरीत ऐन गर्दीत त्यानं तिला गाठलं.

“काय वकीलीणबाई? माझी पाळी मोजली हं मी. होती तेवढीच आहे, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे मेलीतोन बिचारा बरोबरच होता की! आणि आता हे मी नाही म्हणत, तुमचं मशीनच म्हणतंय.”

हे गावात वाऱ्यासारखं पसरलं. ज्याला त्याला आपली पाळी आहे तेवढीच मिळत होती, आणि त्यावरून ज्यानं त्यानं एकच अर्थ काढला. नवी प्रणाली वाईट म्हणून जे छाती पिटत होते तेच आता तिचे भाट झाले. काय सुंदर प्रणाली आहे, म्हणाले, किती नि:पक्षपाती! दॉन एवारिस्तोनं खात्याला आभाराचं पत्र पाठवलं. निकासियो दुकानात बसून हे सगळं ऐकायचा आणि कुणाच्या तरी फोनच्या पोटात डोकं खुपसायचा.

त्याला वाटलं होतं, नोएमी भडकेल, कचेरीत जाऊन टेबल आपटेल, आणि प्रकरण आपोआप उघडकीला येईल. आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. पण नोएमी भडकली नाही. ज्या मशीनसाठी ती जन्मभर भांडली होती त्याच मशीननं तिच्या विरुद्ध निकाल दिला होता, आणि ती सरळ बाई होती, तिनं निकाल मान्य केला. एका सकाळी तिनं चरबीचे खरपूस तुकडे घालून सेमिता, म्हणजे घरचे जाडे पाव, भाजल्या, कापडात बांधल्या आणि दोन्या इफिहेनियाच्या घरी गेली.

“कशाला गेली होतीस?” परत आल्यावर त्यानं विचारलं.

“माफी मागायला. भर सभेत मी तिला पाणीचोर म्हणाले होते.”

“मग ती काय म्हणाली?”

“रडली. म्हणाली, पोरी, माझ्या मनातही कधीकधी यायचं की आपल्याला जरा जास्तच मिळतंय की काय. आता मशीननं सांगितलं तेव्हा जीव हलका झाला.”

उरलेल्या सेमितांतली एक खात बसलेल्या निकासियोला ठसका लागला. तिला वाटलं, सेमिता कोरडी झाली.

आणि मग एका जेवणाच्या वेळी, कोशिंबीर वाढता वाढता, तिनं सांगितलं की मळा बाल्दोमेरोला विकायचं ठरलंय. तो रविवारी जेवायला येणार आहे, हातावर हात मारायला.

“अगं, तुझ्या बापाचा मळा!”

“बापानं चुकीच्या जागी लावला. जेवढं पाणी माझ्या वाट्याचं आहे तेवढ्यात तो जगत नाही, आणि त्याच्याहून जास्त माझं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, दुसरे लबाड आहेत. लबाड कुणी नव्हतंच, रोजचं भांडण मीच उकरत होते.” ती हसायला गेली. “तू काही बोलला नाहीस कधी, ते बरं केलंस. एक तरी शहाणं होतं घरात.”

एखाद्यानं थोबाडीत मारली असती तर निकासियोला बरं वाटलं असतं.

गुरुवारी दुपारी, सगळं गाव खिडक्या लावून झोपलं असताना, तो कचेरीत गेला. किल्ली त्याच्याकडे असायचीच. बाहेर सोंदा, डोंगरावरून उतरणारा गरम वारा, सुटला होता, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. त्यानं दोन्ही फाइली समोरासमोर उघडल्या. नव्या फाइलीत नोएमीच्या नावापुढे जे होतं ते बघून त्यानं खुर्ची मागे सरकवली. तिनं सभेत कधी मागायची हिंमत केली नव्हती इतकं होतं.

सवयीनं त्याची बोटं आधी जुन्या फाइलीची प्रत काढायला निघाली. नावही टाइप झालं : ‘पाळ्या-मेलीतोन’. मग तो थांबला. प्रत असली की कधीतरी कुणीतरी ती मागणार. आणि समोर उभं राहून, पोरा, बाळा करत मागितली की आपण देणार, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. मेलीतोनला ताटाला नाही म्हणता येत नव्हतं, आपल्याला माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही. फरक तो काय?

त्यानं टाइप केलेलं नाव एकेक अक्षर मागे घेतलं. मग नवी फाइल जुनीवर घातली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की? नक्की, असं त्यानं सांगितलं आणि पेनड्राइव्ह, कागद, कशावरही काहीही उतरवून न घेता तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी नोएमीची पाळी होती. तो मुद्दाम दुकानातून लवकर आला. तिसऱ्या मांडवाच्या तोंडाशी पाणी आलं, थांबलं नाही, चौथ्यात शिरलं, पाचव्यात शिरलं. तडकलेली माती फुसफुसत पाणी पीत होती. आणि नोएमी धावत होती. आनंदानं नव्हे. तिनं आपल्या चारीच्या तोंडाशी लोखंडी पत्रा धाडकन खाली टाकला, पाणी अडवलं, आणि पायवाटेकडे निघाली.

“कुठं चाललीस?”

“बाल्दोमेरोकडे! त्याचं पाणी माझ्याकडे शिरलंय. दार बिघडलंय वाटतं. त्याला सांगायला नको? उद्या म्हणेल, वकीलीण चोरी करते.”

“नोएमी, थांब. ते तुझंच आहे.”

“माझं कुठलं एवढं?”

मग त्यानं सांगितलं. निखाऱ्यावरचं मांस, ठराव, एंटर, निळी खिडकी, सगळं. सांगताना तो पत्र्याकडे बघत होता, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. पत्र्यामागे पाणी चढत होतं आणि बांधावरून ओघळायला लागलं होतं.

“म्हणजे,” नोएमी अगदी हळू म्हणाली, “मी त्या म्हातारीकडे जाऊन माफी मागितली.”

“हो.”

“सेमिता घेऊन.”

“हो.”

“आणि तू माझ्यासमोर बसून त्याच सेमिता खाल्ल्यास! माकडा! एंटर दाबलं म्हणे! लग्नाच्या वेळी पाद्र्यानं विचारलं तेव्हाही एंटरच दाबलं होतंस का रे?” तिनं फावडं उचललं. तो डोळे मिटून उभा राहिला. पण तिनं फावड्यानं पत्रा उचकटला आणि पाणी खळाळत आत गेलं. “तुझ्याशी नंतर बोलते. आधी दारं धरू दे. तो बांध बघ, फुटतोय!”

दोघं संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात होती. ती त्याला एका दमात शिव्या देत होती आणि दुसऱ्या दमात ‘इकडे वळव, तिकडे माती टाक’ म्हणत होती. शेवटच्या मांडवात पाणी शिरलं तेव्हा ती फावड्यावर हनुवटी टेकून रडली. बाल्दोमेरोला त्याच संध्याकाळी निरोप गेला की रविवारी जेवायला येऊ नकोस.

पुढचा आठवडा पुरा व्हायच्या आत सभा बोलवावी लागली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

“प्रणाली बिघडली आहे!” बाल्दोमेरो गरजला. “इतकी सुंदर चालली होती. काय तो नि:पक्षपातीपणा होता! आता माझं दार निम्म्यातच मिटतं. कुणीतरी टेलवाल्यांचं ताट खाल्लंय!”

“मशीन काय ताट खातं?” नोएमी बसल्या जागेवरून म्हणाली.

“पहिल्या दिवशी होतं तसं पाहिजे. नवीन होतं तस्संच!”

“बरोबर आहे, नवीनच पाहिजे,” सगळीकडून आवाज आले. जुनं परत आणा, असं एकही माणूस म्हणाला नाही. आपल्याला जुनं हवं आहे हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

दॉन एवारिस्तोनं दोन्ही हात वर केले. तो हसत होता, कारण उपाय त्याच्या खिशात होता. “मित्रांनो, एवढं तापायचं कारण नाही. आपला फ्लाको बसलाय ना इथे? त्याच्याकडे त्या दिवशीची प्रत असणारच. काय रे फ्लाको?”

खोली सैल पडली. लोक हसले. कुणीतरी त्याच्या पाठीवर थापही मारली. फ्लाकोकडे असणारच. फ्लाकोकडे काय नसतं?

निकासियो उभा राहिला.

“नाही,” तो म्हणाला. “त्या फाइलीवर दुसरी घातली गेली. प्रत नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. गेली.”

दोन्या इफिहेनियानं छातीवर क्रूस काढला. “पोरा, माझ्या मेलेल्या मांजराचे फोटो आहेत तुझ्याकडे, आणि आख्ख्या गावाच्या पाळ्या नाहीत?”

“नाहीत, दोन्या.”

पाणी तर आता खात्यानं काढलेल्या पाळ्यांप्रमाणे चाललं होतं, ते बदलायचं तर दुसऱ्या पाळ्या हव्यात, आणि त्या कुणाकडेच नव्हत्या. सभा आपोआप उठली. घरी जाताना नोएमीनं विचारलं.

“खरंच ठेवली नाहीस?”

“खरंच नाही.”

तिनं थांबून त्याच्याकडे नीट बघितलं, परका माणूस बघावा तसं. मग त्याचा हात धरला. तिनं त्याला माफ केलं होतं असं नाही, पण हात धरला.

दुसऱ्या दिवसापासून लोक दुकानात यायला लागले, आपापलं परत न्यायला. पाळ्या हरवणारा माणूस उद्या काहीही हरवेल. निकासियो एकेकाला त्याची लग्नं, त्याची बारशी उतरवून देत होता, आणि प्रत्येक गिऱ्हाईक जाताना दारावरच्या पाटीकडे बघून मान हलवायचं. त्याला ते फार लागलं. तरी तो पाटी काढायला गेला नाही. टाकून देणं अजून त्याला कुठं जमत होतं.

दोन्या इफिहेनिया सर्वांत शेवटी आली. तिनं टेबलाशी बसून मांजराचे सगळे फोटो एकेक करून बघितले.

“एकही गेलेला नाही.”

“नाही, दोन्या.”

“सगळ्यांचं सगळं आहे. तेवढंच कसं रे गेलं?”

निकासियोनं पेनड्राइव्ह तिच्यापुढे सरकवला. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, एक कामाचा विचार आला.

“चूक माझीच,” ती उठता उठता म्हणाली. “मेलीतोन गेल्यावर तुझ्याकडे बघायला हवं होतं.”

त्या संध्याकाळी यान्सोनांच्या उंबऱ्यावर कापडानं झाकलेलं एक ताट होतं. नोएमीनं कापड उचललं. एम्पानादा, नुकत्याच भट्टीतून काढलेल्या, कडा वेणीसारख्या मुडपलेल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दिवसभराच्या कामानं दोघंही उपाशी होती.

“परत देऊन ये,” नोएमी म्हणाली.

“थंड होतील.”

“होऊ देत.”

निकासियोनं आयुष्यात दारात आलेलं काही परत पाठवलं नव्हतं. त्यानं ताट दोन्ही हातांत धरलं आणि पाटाच्या कडेकडेनं हेडच्या दिशेनं निघाला. म्हातारीचं घर लांब होतं, आणि वास वाटभर त्याच्या नाकाशी होता.